बँक्सियाच्या बोंडाची पोकळ कुपी : दगड आधी भरायचा, पोकळी नंतर

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. लाकूड कातायच्या घरच्या मिनी लेथवर वाट्या, लाटणी, पेनस्टँड असे काम जमते. भावाने पर्थहून बँक्सिया या ऑस्ट्रेलियन झाडाची तीन मोठी बोंडे आणून दिली. त्यांची आतून पोकळ, शोभेची कुपी करून भोकांमध्ये फिरोजा भरायचा आहे. पहिले बोंड बाहेरून छान झाले, पण आतून कोरताना एका भोकापाशी भिंत फुटली. आता दोन उरली आहेत. भोके आधी भरायची की नंतर? दगड कोणता, गोंद कोणता? आणि हे पावसाळ्यात करता येईल का?

उत्तर :

भोके आधी भरायची. बाहेरचा आकार ओबडधोबड काढून झाला की लगेच, आतल्या कोरण्याला हात लावण्यापूर्वी. तुमचे पहिले बोंड का फुटले तेही यातच आले.

बँक्सियाच्या बोंडाची रचना मक्याच्या कणसासारखी असते. मध्ये कठीण गाभा, त्याभोवती सुकलेल्या फुलांच्या तंतूंचा दाट तांबूस थर आणि त्या थरात रुतलेले बियांचे कप्पे. प्रत्येक कप्प्याला दोन जाड लाकडी ओठ असतात. बँक्सियाच्या अनेक जातींमध्ये हे ओठ वणव्याची धग लागेपर्यंत वर्षानुवर्षे मिटलेले राहतात. धग लागली की उघडतात आणि पंखवाल्या बिया बाहेर पडतात. आपण ज्याला भोक म्हणतो तो हा रिकामा कप्पा. मी त्याला डोळा म्हणतो, पुढेही तोच शब्द वापरतो. टर्निंगसाठी, म्हणजे लेथवर कातण्यासाठी विकली जाणारी मोठी बोंडे बहुतेक बँक्सिया ग्रँडिस या जातीची असतात. ती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागातली, त्यामुळे पर्थहून आलेली तुमचीही तीच असावीत. आपल्याकडे चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक याच कुळातला.

आता लेथवर काय होते ते पाहा. एका फेऱ्यात हत्याराला तीन गोष्टी भेटतात : मऊ तंतू, कठीण ओठ आणि रिकामी हवा. तंतूंमधून धार सहज जाते, ओठावर आदळते, आणि ओठाच्या पलीकडे आधार नसल्यामुळे तो कापला न जाता मोडतो. भिंत जाड असेपर्यंत हे निभावते. ती पातळ झाली की दोन डोळ्यांच्या मधला तंतूंचा पट्टाच काय ती भिंत धरून ठेवतो, आणि तो फार अशक्त असतो. डोळे भरलेले असले तर ओठाला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. हा फरक कानालासुद्धा कळतो. न भरलेल्या बोंडावर सतत टकटक होते, भरलेल्यावर सलग सरसर.

सगळ्या कामाचे गणित मी ८ मि.मी.च्या भिंतीवर बसवतो. बाहेरून पहिले ४ मि.मी. दगड आणि त्याच्या मागे ४ मि.मी. किंवा त्याहून जास्त खोल इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) आणि भुशाचा लगदा. हे जमले तर आतून कोरणारे हत्यार दगडाला कधीच भिडत नाही, त्याला फक्त लगदा आणि तंतू लागतात. साध्या लाकडात ३ मि.मी.ची भिंत करून दाखवणारे कातारी आहेत. बोंडात तो हट्ट करू नये. तोंड लहान असले की भिंतीची जाडी बघणाऱ्याला दिसत नाही आणि कुपी हातात घेतल्यावर थोडे वजन लागते, ते दगडाच्या कामाला शोभते.

बोंड आधी वाळवायचे. दिसायला कोरडे असले तरी ठाणे-नवी मुंबईच्या हवेत त्याने ओल धरलेली असते. ओटीजीमध्ये ९० ते १०० अंशांवर ठेवा, दार किंचित उघडे, आणि तिथून हलू नका. वरची मखमल चटकन पेट घेते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर तासाला वजन करा. दोन वजने सारखी आली की झाले. मिटलेल्या डोळ्यांपैकी काही या उष्णतेत उघडतील. टर्निंगनंतर उघडून आकार बिघडण्यापेक्षा आताच उघडलेले बरे. आत बिया असतील तर चिमट्याने काढा, डोळ्यातली मधली पातळ फळीही काढा, ती राहिली की गोंद तळापर्यंत पोहोचत नाही. भावाला एक निरोप द्या. पुढच्या वेळी बिया असलेली बोंडे बॅगेत घालून आणू नयेत. परदेशातून बी आणि वनस्पतींचा माल आणण्यावर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाचे नियम आहेत, त्यासाठी परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो.

दोन्ही टोके हातकरवतीने काटकोनात कापा, बोंड व्ही आकाराच्या खाचेत घट्ट बसवून. गोल वस्तू बँडसॉवर धरून कापण्याचे धाडस करू नका, ती पात्याखाली फिरते आणि हात ओढून नेते. वरच्या टोकाला सागाचा ठोकळा इपॉक्सीने चिकटवा, रात्रभर ठेवा, आणि त्यावर चकसाठी (लेथचा पकडणारा भाग) टेनन, म्हणजे आखूड गोल खुंट काढा. बोंड थेट चकच्या जबड्यात धरू नये, तंतू दाबले जाऊन सैल पडतात. ९-१० सें.मी. व्यासाला ८०० ते १००० आरपीएम पुरे. टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, बाहेरचे काम संपेपर्यंत लावलेला, तोंडावर फेस शील्ड. बाहेरचा आकार पक्क्या मापापेक्षा ३ मि.मी. जाड ठेवून थांबा.

इथे एक थर चपड्याचा द्या, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, पातळ. तो नसला तर पुढे ओतलेला सायनो गोंद (फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद) डोळ्याच्या कडेने तंतूंमध्ये पसरतो आणि प्रत्येक डोळ्याभोवती काळपट डाग राहतो. पॉलिशने तो जात नाही.

आता दगड. बहुतेक जण रंग पाहून दगड घेतात. मी आधी कठीणपणा पाहतो, कारण भुगतायचे त्याच्याशीच असते. मोहस् मापावर (कठीणपणाचे १ ते १० चे माप) अकीक ६.५ ते ७, खरा फिरोजा ५ ते ६, लाजवर्द ५ च्या आसपास, मॅलाकाइट ३.५ ते ४, हौलाइट ३.५, मोत्याचा शिंपलाही साधारण तेवढाच. बोंडाचे तंतू या सगळ्यांच्या मानाने खूप मऊ. पॉलिश पेपर मारताना तंतू भराभर झिजतात, दगड झिजत नाही, आणि शेवटी प्रत्येक खडा उंचवट्यासारखा वर राहतो. दगड जितका कठीण तितका हा त्रास जास्त. अकीक तर हायस्पीड स्टीलची धार पहिल्या स्पर्शातच घालवतो, शिवाय त्याची धूळ म्हणजे सिलिका, फुप्फुसांना कायमची इजा करणारी. पारसिकचा काळा दगड फुकट मिळतो म्हणून कुटून भरावा असे कुणाच्या मनात येईल, पण बेसॉल्टही ६ च्या घरातला. हे दोन्ही नकोत.

म्हणून पहिल्या कामाला मी तुम्हाला हौलाइट हा मुळात पांढरा, मऊ दगड सुचवतो. बाजारात स्वस्तात मिळणारा बराचसा ‘फिरोजा’ मुळात रंगवलेला हौलाइट किंवा मॅग्नेसाइटच असतो. नेलपॉलिश काढायच्या असिटोनचा बोळा घासून पाहा, निळा रंग उतरला तर दगड रंगवलेला. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची : एक खडा फोडा. रंग नुसता वरवर असेल तर आतून पांढरा निघतो, आणि कुटल्यावर बोंडाच्या डोळ्यांत निळ्याऐवजी राखाडी-पांढरा ठिपका दिसेल. आतपर्यंत निळा असलेलाच माल घ्या. झवेरी बाजाराच्या आसपास खड्यांची दुकाने आहेत. जास्त चुरा हवा असेल तर जयपूर, कारण खडे घासण्याचे काम तिथे मोठ्या प्रमाणावर चालते आणि तुकडे किलोवर मिळतात. खरा फिरोजा हवाच असेल तर राळ पाजून घट्ट केलेला, म्हणजे स्टॅबिलाइज्ड घ्या. कच्चा फिरोजा सच्छिद्र असतो, तेल-गोंद पिऊन हिरवट पडतो.

आपल्या सह्याद्रीतले स्टिल्बाइट आणि हिरवे ऍपोफिलाइट बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्याचे अप्रतिम नमुने ठेवले आहेत. फिकट गुलाबी स्टिल्बाइट ३.५ ते ४ चे, तांबूस बोंडात सुंदर दिसते. पातळ पापुद्र्यांनी तुटते, त्यामुळे त्यावर गोंद सढळ हाताने लागतो. मला स्वतःला निळ्यापेक्षा तेच अधिक आवडते.

काही दगडांना मात्र हात लावू नका. मॅलाकाइटच्या धुळीत तांबे असते, कोरडे घासू नये. उदयपूरकडचा हिरवा मार्बल खरे तर सर्पेंटाइन आहे आणि त्यात ऍस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, त्याची भुकटी घरात नकोच. काष्ठौषधींच्या दुकानात हिंगूळ, हरताळ, मनशीळ मिळते. रंग मोहक असतात, पण हिंगुळात पारा आणि उरलेल्या दोघांत आर्सेनिक. हे लेथच्या आसपाससुद्धा येऊ देऊ नका.

दगड जाड कापडात गुंडाळून लोखंडी खलबत्त्यात कुटा (हा खलबत्ता पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही). धुवा, पूर्ण वाळवा, दोन चाळण्यांतून तीन भाग करा : २ ते ३ मि.मी.चे खडे, रव्याएवढा चुरा आणि पीठ. तिन्ही लागतात. नुसते खडे भरले तर मध्ये गोंदाच्या चकाकत्या खाचा दिसतात, नुसते पीठ भरले तर रंग लावल्यासारखे सपाट दिसते.

गोंद दोन प्रकारचे. तळाच्या लगद्याला सावकाश घट्ट होणारे साधे अराल्डाइट, त्यात बोंडाचाच बारीक भुसा. पाच मिनिटांचे इपॉक्सी पूर्ण कडक होत नाही आणि हत्याराच्या उष्णतेने चिवट पडते, ते टाळा. लगदा काडीने प्रत्येक डोळ्यात ढकला, हवा बाहेर येऊ द्या आणि बाहेरच्या पृष्ठभागापासून ७ मि.मी. खाली थांबा. त्यातले ३ मि.मी. नंतर टर्निंगमध्ये जाणार आहेत, ४ उरतील. रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी दगड, आणि त्याला पातळ सायनोऍक्रिलेट. फेविक्विकच्या छोट्या पाकिटांनी हे काम पुरे होत नाही, सुतार वापरतात त्या २० किंवा ५० ग्रॅमच्या बाटल्या आणा. डोळा वर येईल असे बोंड फिरवून लेथ लॉक करा. खडे कोरडेच ठेवा, काडीने एकमेकांत बसवा, कोन जुळेपर्यंत सरकवा. मग रव्याएवढा चुरा त्यांच्या फटींत झटकून घाला. आता एक थेंब. तो पडतो त्या जागी दगड एकदम गडद होतो, मग ती गडद कड चुऱ्यातून पसरत डोळ्याच्या कडेपर्यंत जाते आणि थांबते. पुढचा थेंब जिथे ती थांबली तिथे. असे २ मि.मी.चे थर करत वर या आणि सगळ्यात वर पीठ, पृष्ठभागाच्या थोडे बाहेर येईल इतके. एकदम खूप ओतले तर गोंद तापतो, फेसाळतो आणि आत बुडबुडे राहतात. ते फक्त शेवटच्या पॉलिशच्या वेळी उघडे पडतात, तोवर कळत नाहीत. सांडलेला गोंद सुती कापडाने पुसू नका. सुतावर तो इतक्या वेगाने सुकतो की कापड तापून हात भाजतो, धूरही निघतो.

सगळे डोळे भरायलाच हवेत असे नाही. अगदी लहान असलेले चार-दोन मी लगद्यावरच सोडतो, वर चावीवाल्याकडचा पितळेचा चुरा, बारीक चाळून, चुंबक फिरवून लोखंडाचे कण काढलेला. पितळ दगडाशेजारी छान बसते आणि सहज कापले जाते. लाख भरण्याचाही मोह होतो, सोनार पोकळ दागिन्यात लाख भरतात तशी. पण लाख ७० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पॉलिश पेपरच्या घर्षणाने वितळून तंतूंवर पसरते. इथे ती चालत नाही.

भरून झाल्यावर बाहेरचा शेवटचा आकार. यासाठी कार्बाइडच्या टिपचे हत्यार घ्या, नसेल तर स्क्रेपर, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी धार लावा. काप अगदी बारीक. पॉलिश पेपर बोटांनी धरू नका, बोटे मऊ तंतूंत दबतात आणि दगड तसाच वर राहतो. कागद रबराच्या कडक ठोकळ्यावर किंवा लाकडी पट्टीवर लावा. १२० पासून सुरू करून ६०० पर्यंत, एकही नंबर न गाळता. दगडाचा १२० चा ओरखडा ३२० ने जात नाही.

पोकळी मी खालच्या बाजूने करतो. मिनी लेथवाल्यांना माझा हाच सल्ला आहे. वरच्या २५ मि.मी.च्या तोंडातून कोरायला वाकडी हत्यारे आणि बराच सराव लागतो. बूड ४५ मि.मी. उघडले तर सरळ बार पुरतो आणि आत काय चालले आहे ते दिसते. बोंड वरच्या ठोकळ्यावर धरलेलेच आहे. टेलस्टॉकला फोर्स्टनर बिट (सपाट तळाचे रुंद भोक पाडणारे) लावून आधी गाभा काढा, वेग ५००-६००, दर थोड्या वेळाने बिट बाहेर काढून भुसा साफ. मग १२ मि.मी.च्या पोलादी बारमध्ये छोटी हायस्पीड बिट ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) बसवलेले हत्यार. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधला कुठलाही छोटा फॅब्रिकेशनवाला ते करून देईल. टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या पट्टीच्या) पुढे बार १०० मि.मी.पेक्षा जास्त जाऊ देऊ नका, धार मध्यरेषेवर किंवा केसभर वर. बुडापासून आत थोडे थोडे जात जा, तिथली भिंत ८ मि.मी. झाली की पुढचा टप्पा, मागे परत यायचे नाही. जाडी वाकवलेल्या तारेच्या गेजने दर टप्प्याला मोजा. लगद्याचा रंग जाऊन निळे दिसू लागले तर तिथेच थांबायचे.

बुडाला शिसवाची चकती बसवा, तीच पाया होईल. मग कुपी उलटी धरून वरचे तोंड पाडा आणि तिथेही शिसवाची बारीक कडी बसवा, कारण बोंडाची उघडी कड बोटाने चुरते. पुढे कधी परदेशी विकायचा विचार असेल तर शिसवाऐवजी बाभूळ घ्या. शिसव साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, निर्यातीला कागदपत्रे लागू शकतात.

पावसाळ्याचे म्हणाल तर दगड भरेपर्यंतचे काम करता येते, फक्त दमट हवेत सायनो फार लवकर धरतो आणि आजूबाजूला पांढुरकी बुरशी आल्यासारखी झाक सोडतो. पंखा चालू ठेवा आणि बाटली फ्रिजमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात. पॉलिश मात्र ऑक्टोबरनंतर करा. जून ते सप्टेंबरात लॅकर मारला तर तो दुधट होतो. जवसाचे तेलही नको, आपल्या हवेत आठवडे चिकट राहते आणि त्यावर बुरशी धरते. पॉलीयुरेथेन टर्पेंटाइनने पातळ करून कापडाने चार-पाच हात द्या, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. पुसलेली कापडे चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

मास्क हा विषय फ्लॅटमध्ये काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात गंभीर. बोंडाची धूळ लाकडाच्या भुशापेक्षा बरीच बारीक, तासन्‌तास हवेत तरंगते. कापडी मास्क निरुपयोगी आहे. बदलायच्या फिल्टरचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क घ्या. दगडाचे घासकाम शक्य तितके ओले करा, वॉटरप्रूफ पेपर आणि पाण्याचा हलका फवारा, बोंडाला आधी सीलर लावून, आणि लेथची मोटर झाकून. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. बाल्कनीत लेथ असेल तर आतले दार बंद, आणि कामाचे कपडे तिथेच उतरवून ठेवा.

बोंडे आता दोनच आहेत, म्हणून आधी आंब्याच्या लाकडावर सराव करा. १० सें.मी.चा दंडगोल घ्या, त्याला तिरकी १२ ते १६ मि.मी.ची भोके मारा, एकमेकांच्या जवळ, काही ठिकाणी कडा भिडतील इतकी. तळाला लगदा, वर हौलाइट, आणि बुडाकडून ८ मि.मी.पर्यंत कोरा. नंतर ठोकळा मधोमध उभा कापून दोन्ही जाडी पट्टीने मोजा. दगड सगळीकडे ४ आणि मागचा लगदा किमान ३ मि.मी. भरला तर बँक्सिया चकवर चढवायला हरकत नाही.

स्थानिक बोंडांवर प्रयोग करायचा झाला तर कवठ, बेल आणि नारळाची करवंटी ही कठीण कवचे उत्तम, ती गर काढला की पोकळच असल्यामुळे फक्त बाहेरून घासून भोके भरायची. रस्त्याकडेच्या महोगनीची बोंडे देखणी असतात, पण पाच पाकळ्यांत उकलतात, आधी इपॉक्सीने बांधून घ्यावी लागतात. येऊरच्या जंगलातून काही उचलू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून पडलेले बोंड आणणेही गुन्ह्यात मोडते. बेल आणि कवठ बाजारात मिळतातच. गर काढून, उकळून, सावलीत महिनाभर वाळवून वापरा.